मत्स्यसदृश पाइक फ्लाय

मत्स्यसदृश पाइक फ्लाय म्हणजे पाइक या शिकारी माशाला पकडण्यासाठी गळावर केस, पिसे किंवा कृत्रिम तंतू दोऱ्याने बांधून तयार केलेले, लहान माशाचा भास निर्माण करणारे कृत्रिम आमिष होय. फ्लाय मासेमारीत वापरल्या जाणाऱ्या सर्वांत मोठ्या आमिषांत तिची गणना होते. तिची लांबी साधारणतः १५ ते २५ सेंटिमीटर असते. युरोप आणि उत्तर अमेरिका येथील अनेक हौशी मासेमार अशा फ्लाय स्वतःच्या हातांनी बांधतात आणि ही बांधणी एक स्वतंत्र हस्तकौशल्य मानली जाते. पाण्यात मोठी व भरदार दिसणारी, परंतु पाण्याबाहेर येताच हलकी व सडपातळ होणारी फ्लाय तयार करणे हे या कौशल्याचे मुख्य उद्दिष्ट असते.

संज्ञा

इंग्रजीतील 'फ्लाय' या शब्दाचा मूळ अर्थ माशी असा आहे. ट्राउट माशासाठी वापरली जाणारी आमिषे पाण्यावर उतरणाऱ्या माश्या व कीटक यांच्यासारखी बांधली जात, त्यावरून हे नाव पडले. पुढे लहान मासे, बेडूक, उंदीर यांच्यासारखी आमिषेही त्याच पद्धतीने बांधली जाऊ लागली, तरी नाव तेच राहिले. त्यामुळे पाइक फ्लाय ही नावाने माशी असली, तरी रूपाने मासा असते. पाण्यात ओढताना माशासारखी हालचाल करणाऱ्या अशा लांबट फ्लायना 'स्ट्रीमर' असेही म्हणतात. ज्या लहान माशांचे अनुकरण केले जाते, त्यांना या लेखात भक्ष्यमासे म्हटले आहे.

'पाइक' हे इंग्रजी नाव या माशाच्या लांब, निमुळत्या शरीरावरून व टोकदार तोंडावरून, त्याच नावाच्या लांब दांड्याच्या भाल्याशी असलेल्या साम्यामुळे पडले असे मानले जाते. पायदळातील शिपाई किंवा सेवक या अर्थाच्या मराठी 'पाईक' या शब्दाशी त्याचा संबंध नाही.

पाइकची शिकार करण्याची पद्धत

पाइकचे शास्त्रीय नाव इसॉक्स लुसियस असे असून १७५८ मध्ये कार्ल लिनियस याने ते दिले. हा मासा युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिका येथील तळी, संथ नद्या व कालवे यांत आढळतो. बाल्टिक समुद्राच्या निमखाऱ्या किनारी पाण्यातही तो राहतो. त्याची लांबी एक मीटरहून अधिक होऊ शकते. माद्या नरांपेक्षा मोठ्या होतात.

पाइक दबा धरून शिकार करतो. पाणवनस्पतींच्या कडेला, बुडालेल्या झाडाजवळ किंवा उतारावर तो निश्चल उभा असतो. हिरवट अंगावरील फिकट ठिपक्यांमुळे तो वनस्पतींत सहज मिसळून जातो. त्याचे पाठीवरील व गुदाजवळील पर शेपटीच्या अगदी जवळ असतात. त्यामुळे स्थिर अवस्थेतून एका झटक्यात पुढे झेपावण्यास लागणारा जोर त्याला मिळतो. मात्र दूरवर पाठलाग करण्यासाठी हे शरीर तितकेसे योग्य नसते. त्याचे डोळे डोक्याच्या वरच्या भागात असल्याने समोरचे व वरचे भक्ष्य त्याला चांगले दिसते. शरीराच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पार्श्वरेखेद्वारे पाण्यातील हालचालीची कंपनेही त्याला जाणवतात.

पाइक भक्ष्याला बहुधा आडवे पकडतो आणि नंतर ते फिरवून डोक्याकडून गिळतो. त्याच्या जबड्यांत व टाळूवर शेकडो दात असतात. टाळूवरील दात मागे वळलेले असल्यामुळे एकदा पकडलेले भक्ष्य सहसा निसटत नाही. रोच, रड, पर्च, ब्रीम, बाल्टिकमध्ये हेरिंग, तसेच स्वजातीचे लहान मासेही तो खातो.

या वर्तनातून फ्लायच्या रचनेविषयी काही निष्कर्ष निघतात. पाइक खवले मोजून भक्ष्य निवडत नाही. आकार, बाह्यरेषा, हालचाल आणि एकाकी किंवा जखमी माशासारखे वागणे यांना तो प्रतिसाद देतो. म्हणून मत्स्यसदृश फ्लायमध्ये माशाची हुबेहूब प्रतिकृती अपेक्षित नसते. ओढ थांबल्यावर क्षणभर वळून आपली बाजू दाखवणारी फ्लाय अनेकदा अधिक परिणामकारक ठरते, कारण त्या क्षणी ती निसटू न शकणाऱ्या भक्ष्यासारखी भासते.

आकार आणि वजन यांतील विरोध

इतर प्रकारच्या गळमासेमारीत आमिषाचे वजन बारीक दोर आपल्यामागे ओढत नेते. फ्लाय मासेमारीत याच्या उलट घडते. येथे जाड व वजनदार दोर हवेत पुढे-मागे फिरवून फेकला जातो आणि जवळजवळ वजनरहित फ्लाय त्याच्यामागे जाते. त्यामुळे फ्लाय जितकी जड किंवा हवेला जितकी अडणारी, तितकी ती फेकणे कठीण होते. पाणी शोषलेली जड फ्लाय दिवसभर फेकल्यास खांदा व मनगट थकते. वाऱ्यात तिचा मार्ग चुकल्यास मोठा गळ मासेमाराच्या अंगात रुतण्याचा धोकाही असतो.

पाइकसाठी मात्र मोठे आमिष उपयुक्त असते. हा विरोध सोडवण्यासाठीच पाइक फ्लायच्या बांधणीतील बहुतेक युक्त्या निघाल्या आहेत. नवशिक्या बांधणाऱ्याची नेहमीची चूक म्हणजे भरदारपणासाठी अधिक साहित्य वापरणे. अशी फ्लाय हातात घेतल्यावर माशासारखी दिसते, परंतु पाण्यात काठीसारखी ताठ राहते आणि पाण्याबाहेर काढल्यावर भिजलेल्या कुंच्याप्रमाणे जड होते. अनुभवी बांधणारे गळाजवळच्या थोड्याच केसांना बाहेरच्या बाजूस फाकवून त्यांच्या आधारावर पुढचे लांब तंतू उभे ठेवतात. फ्लायचा आतला भाग त्यामुळे पोकळ राहतो. पाण्यात ती फुलते व हवेत मिटते.

इतिहास

पाइक हा इंग्लंडमधील मासेमारीच्या साहित्यात पूर्वीपासून महत्त्वाचा मासा आहे. आयझॅक वॉल्टन याच्या १६५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द कम्प्लीट अँगलर' या ग्रंथात पाइकला स्वतंत्र स्थान आहे. तथापि त्या काळात पाइक प्रामुख्याने जिवंत किंवा मृत मासे गळाला लावून पकडला जाई. जुन्या इंग्रजी पुस्तकांत पाइकसाठी बांधलेल्या मोठ्या फ्लायची वर्णने आढळतात. मोरपिसांचे तंतू, भडक लोकर आणि डोळ्यांसाठी काचेचे मणी वापरून केलेल्या या फ्लाय माशापेक्षा एखाद्या लहान पक्ष्यासारख्या दिसत. त्या काळी त्यांचा वापर मर्यादितच राहिला.

आधुनिक मत्स्यसदृश फ्लायचा पाया उत्तर अमेरिकेत घातला गेला आणि तोही बहुतांशी इतर माशांसाठी. १९३० च्या दशकात डॉन गेपन याने कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, निपिगॉन नदीवर ट्राउटसाठी 'मडलर मिनो' ही फ्लाय बांधली. हरणाचे केस फिरवून बांधून नंतर कातरलेले तिचे गोलसर डोके पाणी बाजूला ढकलते. पाणी ढकलणाऱ्या डोक्याची ही कल्पना पुढे पाइक फ्लायमध्येही आली.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस बर्नार्ड ऊर्फ लेफ्टी क्रेह (१९२५–२०१८) या अमेरिकी मासेमाराने चेसापीक उपसागरातील पट्टेदार बास माशासाठी 'लेफ्टीज डिसीव्हर' ही फ्लाय विकसित केली. मागे लांब पिसे आणि पुढे केसांची कॉलर अशी तिची साधी रचना आहे. ती पाण्यात मोठी दिसते, उचलताच मिटते आणि तिची पिसे फेकताना गळाला सहसा गुंडाळत नाहीत. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९१ मध्ये फ्लायवरील तिकिटांच्या मालिकेत डिसीव्हरचा समावेश केला. अनेक पाइक फ्लाय ही तिचीच वाढवलेली रूपे आहेत.

१९८० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातील बॉब क्लाउझर याने सस्क्वेहाना नदीतील बास माशांसाठी, डंबेलच्या आकाराचे जड धातूचे डोळे असलेली 'क्लाउझर डीप मिनो' तयार केली. न्यू जर्सीतील बॉब पोपोविक्स याने हरणाच्या शेपटीचे केस उलटे बांधून पोकळ, मोठ्या आकाराच्या फ्लाय बांधण्याची पद्धत रूढ केली. या दोघांचे काम मूलतः बास व समुद्री मासे यांच्यासाठी असले, तरी पाइकच्या मासेमारांनी ते लगेच आत्मसात केले. बॅरी रेनॉल्ड्स आणि जॉन बेरीमन यांचे 'पाइक ऑन द फ्लाय' हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक या विषयाच्या प्रसारात महत्त्वाचे मानले जाते.

युरोपात या पद्धतीला आणखी एका कारणाने चालना मिळाली. नेदरलँड्स, जर्मनी, आयर्लंड अशा देशांत जिवंत मासा गळाला लावण्यास बंदी आली. त्या माशाला होणाऱ्या वेदना, तसेच एका तळ्यातील मासे व त्यांचे रोग दुसऱ्या तळ्यात पसरण्याची भीती ही अशा बंदीमागची प्रमुख कारणे होत. त्यामुळे कृत्रिम आमिषांकडे कल वाढला.

साहित्य

गळ: पाइक फ्लायसाठी साधारणतः २/० ते ६/० या आकाराचे, रुंद वाकणाचे, मजबूत गळ वापरतात. शून्यासह लिहिलेल्या क्रमांकांत आकडा वाढतो तसा गळ मोठा होतो, तर साध्या क्रमांकांत आकडा वाढतो तसा गळ लहान होतो. फ्लाय लांब असली तरी गळाची दांडी लांब असण्याची गरज नसते. आखूड दांडीचा गळ हलका असतो आणि लढणाऱ्या माशाच्या तोंडात तरफेसारखा काम करून निसटत नाही. टोकाजवळचा उलटा काटा नसलेला किंवा पकडीने दाबून सपाट केलेला गळ निवडला जातो.

दोरा: केस घट्ट आवळावे लागत असल्याने साधा रेशमी किंवा नायलॉनचा बारीक दोरा तुटण्याची शक्यता असते. म्हणून जेल-स्पन पॉलिएथिलीनचा अतिशय बळकट दोरा लोकप्रिय आहे. तो निसरडा असल्यामुळे आधी गळावर घट्ट वेढे देऊन पाया तयार करावा लागतो.

नैसर्गिक केस व पिसे: अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शेपटीचे केस, म्हणजे 'बकटेल', हे सर्वांत जुन्या व उपयुक्त साहित्यांपैकी एक आहे. या केसांचा मुळाकडचा भाग पोकळ असतो आणि दोऱ्याने आवळताच तो फाकतो. टोकाकडचा भाग भरीव असल्याने फारसा फाकत नाही. म्हणून शेपटीच्या कोणत्या भागातून केस घेतले, यावर फ्लायचा आकार ठरतो. कोंबड्याच्या पाठीवरील लांब पिसे, आर्क्टिक कोल्ह्याचे केस आणि आइसलँडच्या मेंढीची लांब लोकर हीदेखील वापरली जातात. सशाच्या कातडीच्या केसाळ पट्ट्या पाण्यात अतिशय जिवंत हालचाल करतात, परंतु त्या खूप पाणी शोषतात.

कृत्रिम तंतू: बकटेलची लांबी मर्यादित असल्याने २० सेंटिमीटरहून मोठ्या फ्लायसाठी कृत्रिम तंतू सोयीचे ठरतात. ते पाणी शोषत नाहीत आणि एका-दोन झटक्यांत कोरडे होतात. बारीक कुरळे तंतू कमी संख्येत भरदारपणा देतात, तर सरळ चकचकीत तंतू लांबी देतात. अनेक तयार मिश्रणांत दोन्ही एकत्र केलेले असतात.

चमक: धातूसारख्या चकाकणाऱ्या बारीक प्लास्टिक पट्ट्या माशाच्या खवल्यांवरील प्रकाशाचा भास देतात. त्या मोजक्याच वापरतात. जास्त झाल्यास फ्लाय स्वच्छ पाण्यात अनैसर्गिक दिसते.

डोळे: डोक्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवायचे फुगीर प्लास्टिकचे डोळे सर्रास वापरले जातात. शिकारी मासे भक्ष्याच्या डोळ्याचा वेध घेतात, असा बांधणाऱ्यांचा समज आहे. फ्लाय खोल न्यायची असल्यास धातूचे जड डोळे बांधतात. पूर्वी ते शिशाचे असत. शिसे गिळून हंस मरत असल्यामुळे ब्रिटनमध्ये १९८७ पासून मासेमारीतील बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली. आता पितळ व टंग्स्टन हे पर्याय उपलब्ध आहेत.

बांधणीची पद्धत

पुढील क्रम कृत्रिम तंतूंच्या एका साध्या, सुमारे २० सेंटिमीटर लांबीच्या फ्लायचा आहे. गळ घट्ट धरून ठेवणारा व्हाइस, दोऱ्याचे रीळ धरणारा बॉबिन, धारदार कात्री, बारीक दातांचा कंगवा, जाड सुई आणि अतिनील प्रकाशाने घट्ट होणारी राळ एवढी साधने त्यासाठी पुरेशी असतात.

१. गळ व्हाइसमध्ये पक्का बसवून नेढ्याच्या मागून वाकणाच्या सुरुवातीपर्यंत दोऱ्याचे वेढे देतात. वेढ्यांवर राळेचा किंवा गोंदाचा पातळ थर दिल्यास पुढील साहित्य गळाभोवती फिरत नाही.

२. वाकणाच्या थोडे अलीकडे बकटेलचा लहान झुपका बांधतात. तो आवळताच फाकतो आणि त्यावर पुढे येणाऱ्या लांब शेपटीला आधार देतो. लांब तंतू फेकताना गळाच्या वाकणाभोवती गुंडाळले जाणे हा मोठ्या फ्लायचा नेहमीचा दोष आहे. हा ताठ झुपका तो टाळतो.

३. पेन्सिलीपेक्षा बारीक असा लांब तंतूंचा झुपका घेऊन दोन्ही हातांनी त्याची टोके अनेकदा ओढून एकमेकांवर ठेवतात. त्यामुळे टोके एका रेषेत न राहता निमुळती होतात. कात्रीने सरळ कापलेली शेपटी पाण्यात ब्रशसारखी दिसते. म्हणून निमुळतेपणा कापण्याआधीच आणावा लागतो.

४. हा झुपका अर्ध्याहून थोडा पुढे दांडीवर बांधून, नेढ्याकडे राहिलेला भाग मागे दुमडतात आणि पुन्हा बांधतात. एकाच झुपक्याचे असे दोन थर होतात. दुमडीजवळ तंतू किंचित उभे राहतात व भरदारपणा येतो.

५. शेपटीच्या दोन्ही बाजूंना चकाकत्या पट्ट्यांचे चार-पाच धागे लावतात. ते सर्व एकाच लांबीचे ठेवत नाहीत.

६. पुढे सरकत दांडीच्या खालच्या बाजूस पांढऱ्या आणि वरच्या बाजूस गडद तंतूंचे आखूड झुपके त्याच दुमडीच्या पद्धतीने बांधतात. प्रत्येक नवा झुपका आधीच्या झुपक्यापेक्षा लहान असतो. खाली फिकट व वर गडद ही रंगयोजना बहुतेक खऱ्या भक्ष्यमाशांत आढळते.

७. नेढ्यामागे दोऱ्याचे लहान डोके करून गाठ मारतात. तंतू कंगव्याने विंचरून सुटे करतात.

८. कात्री तंतूंना आडवी न धरता त्यांच्या दिशेने तिरकी धरून थोडे-थोडे कापतात. डोक्यामागे सर्वाधिक उंची आणि शेपटीकडे निमुळता उतार अशी माशाची बाह्यरेषा काढतात. एकदा कापलेला तंतू परत येत नसल्याने या टप्प्यात घाई करत नाहीत.

९. दोन्ही बाजूंना डोळे चिकटवून त्यांच्यामधील पोकळीत राळ भरतात आणि अतिनील दिव्याने ती घट्ट करतात. राळ मागे फार पसरू देत नाहीत, नाहीतर डोक्यामागचा भाग ताठ होऊन हालचाल कमी होते.

तयार फ्लाय मोठ्या भांड्यात किंवा टबमध्ये ओढून पाहण्याची पद्धत आहे. ती एका कुशीवर कलत असल्यास वरच्या व खालच्या भागांतील साहित्याचे प्रमाण बिघडलेले असते. पाण्याबाहेर काढून एकदा झटकल्यावरही तिच्यातून पाणी गळत राहिल्यास साहित्य जास्त झाले आहे असे समजतात.

बकटेलची उलटी बांधणी

पोपोविक्सच्या पद्धतीत केसांचा झुपका टोके पुढे, म्हणजे नेढ्याकडे, ठेवून गळाभोवती समान पसरून बांधतात. नंतर पेनाच्या पोकळ नळीसारखी वस्तू पुढून सरकवून सर्व केस मागे लोटतात आणि त्यांच्यापुढे दोऱ्याचा छोटा बांध घालतात. केस या बांधाला टेकून छत्रीसारखे उघडे राहतात. असे तीन-चार टप्पे एकापुढे एक बांधल्यावर थोड्या केसांत मोठ्या, रुंद माशाचा आकार मिळतो. या पद्धतीत दोऱ्याचा ताण आणि केसांचे समान वाटप यांना फार महत्त्व असते. एका बाजूला केस अधिक झाल्यास फ्लाय पाण्यात फिरू लागते.

प्रमुख प्रकार

डिसीव्हर पद्धतीच्या फ्लाय मध्यम खोलीसाठी सर्वसाधारणपणे वापरल्या जातात. क्लाउझर पद्धतीत जड डोळे दांडीच्या वरच्या बाजूस बांधल्याने गळ पाण्यात उलटा होतो व त्याचे टोक वर राहते. त्यामुळे तो तळातील वनस्पतींत कमी अडकतो. लॅरी डाहलबर्ग याच्या 'डाहलबर्ग डायव्हर' या फ्लायचे हरणाच्या केसांचे डोके ओढताच पाण्याखाली जाते आणि थांबताच वर येते. उथळ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात ती उपयोगी पडते. व्हर्जिनियातील ब्लेन चॉकलेट याच्या 'गेम चेंजर' या फ्लायमध्ये अनेक लहान धातूचे दांडे एकमेकांत कड्यांनी जोडलेले असतात आणि ती खऱ्या माशाप्रमाणे नागमोडी पोहते. अशी फ्लाय बांधण्यास बराच वेळ लागतो.

रंगांची निवड

स्वच्छ पाण्यात पांढरा, रुपेरी, हिरवट आणि निळसर अशा नैसर्गिक छटा निवडतात. दलदलीतून आलेल्या चहाच्या रंगाच्या पाण्यात नारिंगी, पिवळा व तांबूस रंग अधिक दिसतात. गढूळ पाण्यात किंवा मंद प्रकाशात काळी फ्लाय उपयुक्त ठरते, कारण खालून पाहणाऱ्या पाइकला उजळ पृष्ठभागाच्या पार्श्वभूमीवर तिची बाह्यरेषा स्पष्ट दिसते. पर्च मासे विपुल असलेल्या तळ्यांत हिरव्या अंगावर गडद उभे पट्टे रंगलेखणीने काढण्याची प्रथा आहे.

तारेचा अग्रदोर

मासेमारीसाठी ८ ते १० क्रमांकाची फ्लाय काठी आणि तिला अनुरूप दोर वापरतात. फ्लाय आणि दोर यांच्यामध्ये सुमारे ३० ते ४५ सेंटिमीटर लांबीची लवचिक पोलादी तार जोडतात. तार नसल्यास पाइकचे दात नायलॉनचा दोर क्षणात कापतात. मग मासेमाराची फ्लाय जाते एवढेच नव्हे, तर मोठा गळ माशाच्या घशात राहतो आणि त्याचे तोंड बंद होऊ न शकल्यास किंवा अन्ननलिका जखमी झाल्यास तो मरू शकतो. काही जण तारेऐवजी जाड फ्लुओरोकार्बन वापरतात. परंतु तोही कापला जाण्याची शक्यता पूर्णपणे जात नाही, म्हणून तार हाच सुरक्षित पर्याय मानला जातो.

फ्लाय पाण्यात पडल्यावर डाव्या हाताने दोर कमी-अधिक लांबीच्या ओढींनी खेचतात आणि मधूनमधून थांबतात. पाइकने फ्लाय पकडल्यावर काठी वर न उचलता प्रथम हातानेच दोर जोरात मागे ओढतात. लांब काठीच्या लवचिकतेमुळे अन्यथा गळ त्याच्या कठीण जबड्यात रुतत नाही. फ्लायच्या मागे येऊन न पकडता परतणारा पाइक नेहमी दिसतो. अशा वेळी फ्लाय थांबवण्याऐवजी तिचा वेग वाढवणे अधिक उपयोगी ठरते.

मासा सुरक्षित सोडणे

पाइक उग्र दिसत असला, तरी हाताळणीला नाजूक असतो. तो अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला असल्याने कोणत्याही तळ्यात मोठे पाइक थोडेच असतात, आणि मोठ्या माद्या पुष्कळ अंडी घालतात. त्यामुळे अनेक ठिकाणी तो पकडून पुन्हा पाण्यात सोडण्याची प्रथा आहे. पाइक वसंताच्या आरंभी उथळ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात अंडी घालतो. इंग्लंडमधील नद्यांवर १५ मार्च ते १५ जून या काळात पाइकसह इतर अनेक माशांची मासेमारी बंद असते.

मासा सोडण्याच्या दृष्टीने मत्स्यसदृश फ्लायचे काही गुण महत्त्वाचे आहेत. अनेक कृत्रिम आमिषांना तीन टोकांचे दोन किंवा तीन गळ असतात, तर फ्लायला बहुधा एकच टोक असते. उलटा काटा नसल्यास लांब चिमट्याने ते काही सेकंदांत काढता येते. ओला गालिचा, लांब चिमटा आणि तार कापण्याची पकड ही साधने सोबत ठेवणे आवश्यक मानतात. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातील प्राणवायू कमी होतो आणि दमलेला पाइक सोडल्यावरही मरू शकतो. म्हणून त्या काळात अनेक मासेमार पाइकच्या वाट्याला जात नाहीत. कृत्रिम तंतू पाण्यात गळून पडणे हा या फ्लायचा दोष आहे. घट्ट बांधणी व राळेचा योग्य वापर यांनी तो कमी होतो, पण नाहीसा होत नाही.

भारताशी संबंध

पाइक भारतात नैसर्गिकरीत्या आढळत नाही. मात्र दबा धरून शिकार करण्याच्या बाबतीत महाराष्ट्रातील तळ्यांत व धरणांत आढळणारा मरळ त्याच्याशी साम्य दाखवतो, जरी दोघांची कुळे वेगळी आहेत. हिमालयातील नद्यांत महासीर पकडण्यासाठी क्लाउझरसारख्या मत्स्यसदृश फ्लाय वापरल्या जातात.

फ्लाय बांधणीच्या साहित्याच्या दृष्टीने भारताचा संबंध अधिक जुना आहे. जुन्या पाइक फ्लायमधील मोरपिसांप्रमाणेच, सह्याद्रीसह दक्षिण भारतात राहणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरील पिसांना इंग्लंडमध्ये मोठी मागणी होती. या पिसांवर मेणासारखे चकचकीत पिवळसर-पांढरे ठिपके असतात आणि सॅमन फ्लाय व स्ट्रीमर यांच्या डोक्याजवळ ती माशाच्या डोळ्यासारखी दिसत. या व्यापारासाठी रानकोंबड्यांची शिकार होई. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार या पक्ष्याला भारतात संरक्षण आहे. पाश्चात्त्य देशांत आता ही पिसे बंदिस्त पैदाशीतील पक्ष्यांपासून मिळवली जातात. पाइक फ्लायमध्ये मात्र त्यांची जागा प्लास्टिकच्या डोळ्यांनी जवळजवळ पूर्णपणे घेतली आहे.